निरोप जसाच्या तसा

तानुबाईच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हतं, रेशनकार्डावरसुद्धा तिचं नाव शेवटून दुसरं होतं. पण घरातला एक कारभार असा होता, की तिच्यावाचून तो एक दिवस चालायचा नाही. थोरल्या लेकाचं बोलणं धाकट्या सुनेला पोचवायचं, आणि धाकट्या सुनेचं थोरल्या लेकाला. एकवीस वर्षं ती हे काम बिनपगारी करत होती आणि तिनं एक दिवसाची रजा घेतली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, या दिवसांत असं कुठं असतं? असतं बाबांनो. थोरल्या दिरासमोर पदर घ्यायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही रीत गावातल्या निम्म्या घरांतून कधीच गेली. या घरात ती राहिली, त्याला कारण लालासाहेबाची नोकरी. लालासाहेब म्हणजे थोरला. मिलिटरीत कारकून होता, वर्षाला दीड-दोन महिने रजेवर यायचा. तेवढ्यात नव्या नवरीचं तोंड कसं उघडणार? तो पेन्शनीवर कायमचा घरी आला तोवर रेश्माची गप्प बसायची सवय लोणच्यासारखी मुरून गेली होती. मग राहिलंच ते.

घर कराडपासून अर्ध्या तासावर, उसाच्या पट्ट्यात. स्लॅबचं, पुढं लोखंडी जाळीची ओसरी. ओसरीत लालासाहेबाची खुर्ची, आत स्वयंपाकघरात रेश्मा, आणि मधल्या दाराशी तानुबाईचं पोतं. उंबऱ्यावर बसू नये म्हणून वीतभर आत सरकून बसायची. वय ऐंशीच्या पुढं, पण आवाज असा खणखणीत की वस्तीवरचं कुत्रं दचकावं. तो तसा ठेवावाच लागायचा. फायरिंग रेंजच्या शेजारी वर्षानुवर्षं कचेरी असल्यानं लालासाहेबाला ऐकू कमी यायचं.

आणि हे काम तानुबाई नुसतं हमालासारखं करत नव्हती. लालासाहेब ओसरीतून गरजायचा, "आये, तिला सांग, आमटीत मिठाचं पोतं वतलंय का म्हणावं!"

तानुबाई आत मान वळवून हळूच म्हणायची, "रेश्मा, दादास्नी आमटी आवाडली गं. उद्या मीठ जरा हात आखडून टाक."

रेश्मा आतून म्हणायची, "मीठ त्यांच्याच हातानं घेतलं त्यांनी वरनं. माझ्या नावानं का बोंब?"

आणि तानुबाई ओसरीकडं तोंड करून खणखणीत सांगायची, "चुकलं म्हणतीया! उद्या ध्यान ठेवते म्हणतीया!"

लालासाहेब खूश, रेश्मा गप्प, आमटी संपलेली.

लालासाहेबाची बायको अंबूबाई त्या वर्षी नातू सांभाळायला पुण्यात लेकाकडं होती. रेश्माचा नवरा नानासो हंगामभर ट्रॅक्टरवर. तो घरी येऊन तीनच वाक्यं बोलायचा: भूक लागली, झोप आली, डिझेल संपलं. लेक समीक्षा सांगलीला होस्टेलवर. घर असं शांत चाललेलं असताना इंग्रजीचं लफडं घरात शिरलं.

त्याचं असं झालं. ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावर वाचनालय होतं. कागदोपत्री तिथले ग्रंथपाल एक म्हातारे गुरुजी, पण आठ वर्षं ते उघडत होती, झाडत होती, फाटकी पानं चिकटवत होती ती रेश्मा. कुठलं पुस्तक कुणाच्या माळ्यावर पडलंय हे तिला तोंडपाठ. वाचनालयाची किल्ली तिच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी खिळ्याला असायची. गुरुजी जूनमध्ये लेकीकडं कायमचे राहायला जाणार होते. मंडळाच्या बैठकीत ठरलं, की जागा रेश्माला द्यायला हरकत नाही, पण दहावी पास पाहिजे. नसेल तर बाहेरचा माणूस घेऊ. अध्यक्षांचा भाचा तर टपूनच बसला होता.

आणि रेश्मा दहावी नापास होती. सगळ्या विषयांत पास, एकट्या इंग्रजीत नापास.

"भर की फारम," नानासो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला. "त्यात काय?" आणि डिझेल आणायला गेला.

फॉर्म भरला. पण शिकवणार कोण? समीक्षाला फोन लावला तर दहा मिनिटं इंग्रजी आणि तासभर होस्टेलच्या भाजीची कागाळी. गावात इंग्रजीचा जाणकार एकच, लालासाहेब. सव्वीस वर्षं त्यानं साहेबांची पत्रं टाइप केली होती. व्याकरणाचा तर त्याला एवढा लळा, की लग्नपत्रिका हातात आली तरी आधी चुका काढायचा, मग तारीख बघायचा.

"आये," तो म्हणाला, "धाकलीला सांग, उद्या सकाळी सहाला हजर. वही, पेन. उशीर चालणार न्हाई."

तानुबाई आत वळली. "रेश्मा, दादा इचारत्यात, सकाळच्याला थोडा येळ काढायला जमंल का गं तुला?"

दुसऱ्या दिवशी ओसरीच्या भिंतीला एक जुनी दाराची फळी काळा रंग देऊन टेकवली गेली. रेश्मा स्वयंपाकघराच्या दाराशी, पदर डोक्यावर, वही मांडीवर. मध्ये तानुबाई. लालासाहेबानं खडूनं चार रेघा ओढल्या.

"इंग्रजीत वाक्यं चार प्रकारची. विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी. सांग तिला."

"आरं, एका दमात एवढं कुठं नेऊ मी?" तानुबाई म्हणाली. "नीट सांग, मला कळंल तर पुढं जाईल."

मग लालासाहेबानं फोड करून सांगितली आणि तानुबाईनं ती आपल्या पद्धतीनं आत नेली. "बग रेश्मा, चार भाऊ हायती. एक सांगणारा, एक इचारणारा, एक हुकूम सोडणारा, आन चौथा नुसता आबाबाबा करणारा. आपला नानासो सांगणारा. थोरला हुकूमवाला. आबाबावाली मी. आन इचारणारी," ती जरा थांबली, "इचारणारं ह्या घरात कुणीच न्हाई गं."

आतून रेश्माचं हसू आलं.

पहिल्या आठवड्यातच खटका उडाला. लालासाहेब म्हणाला, "सांगणारं वाक्य. दि काऊ इज व्हाईट. तिला म्हणायला लाव."

"म्हंजे काय?"

"गाय पांढरी हाय."

"कुणाची?"

"कुणाची नव्हं. उदाहरण हाय ते."

"आपल्या दावणीला गाय न्हाई," तानुबाई म्हणाली. "म्हस हाय, ती बी काळी. मी ह्या वयात खोटा निरोप न्यायची न्हाई. आजवर निरोपात साखर घातली असंल, खोटं घातलं न्हाई."

मिठाच्या पोत्याचं काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण तानुबाईच्या हिशोबी ते खोटं नव्हतं, ती मशागत होती.

लालासाहेबानं कपाळाला हात लावला आणि फळीवरची गाय पुसली. "दि बफेलो इज ब्लॅक," त्यानं लिहिलं. तानुबाईनं ओठ मुडपून, जपून, काठोकाठ भरलेली घागर न्यावी तसं ते वाक्य आत नेलं. "दि बफेलो इज बिलॅक. हे खरं हाय गं रेश्मा, हे म्हण." तेव्हापासून सगळी उदाहरणं घरातलीच निघाली. नानासो इज हंग्री. व्हेअर इज द डिझेल? एकदा लालासाहेबानं "माय मदर इज ओल्ड" असं लिहिलं, ते मात्र तानुबाईनं अर्थ विचारून घेतल्यावर पुढं जाऊ दिलं नाही.

पण खरी पंचाईत झाली ती डिसेंबरात. पुण्याच्या लेकानं लालासाहेबाला कानात घालायचं मशीन आणून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मशीन घालून खुर्चीत बसला. त्याला चिमण्या ऐकू येत होत्या, पंप ऐकू येत होता, जाम खुशीत होता.

"आज हुकूमवालं वाक्य," तो म्हणाला. "क्लोज द डोअर. दार लाव. तिला सांग."

तानुबाई सवयीनं आत वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "रेश्मा, दादा म्हणत्यात, वारं येतंय, दार लावतीस का जरा?"

"आये!"

तानुबाई दचकली. एवढ्या हळू बोललेलं त्याला कधी ऐकू गेलं नव्हतं.

"मी काय म्हणालो?"

"दार लाव म्हणालास."

"आन तू काय सांगितलंस? दार लावतीस का! ते प्रश्नार्थी झालं! मी हुकूम दिला, तू त्याचा प्रश्न केलास!"

"केला. मग?"

लालासाहेब खुर्चीत पुढं सरकला. डोक्यात काहीतरी उजाडायला लागलं होतं. "आये, खरं सांग. मी 'पाणी आण' म्हणालो, तर तू आत काय सांगायचीस?"

"'दादास्नी तहान लागलीया वाटतं.'"

"हे तर विधानार्थी झालं!"

"झालं असंल. पाणी आलं का न्हाई?"

आलं होतं. एकवीस वर्षं पाणी आलं होतं, चहा आला होता, आजारपणात मऊ भात आला होता. सव्वीस वर्षं ज्यानं साहेबांच्या पत्रात एक टिंब इकडचं तिकडं होऊ दिलं नाही, त्याच्या स्वतःच्या घरात त्याचं एकही वाक्य धड पोचलं नव्हतं.

"म्हंजे तू माझी सगळी वाक्यं बदलत हुतीस?"

"बदलू नगं तर काय करू?" आता तानुबाईचा पारा चढला. "तुझी वाक्यं हायती बंदुकीच्या गोळ्या! जशीच्या तशी आत सोडली असती, तर ह्या घरात कवाच दोन चुली झाल्या असत्या. दोन भावांची एक चूल हाय, ती काय आपसूक हाय व्हय रं? मोठा आलाय व्याकरणवाला!"

"आन ती काय म्हणायची माझ्याबद्दल?" लालासाहेबानं बारीक आवाजात विचारलं.

"ते आता इचारू नगंस. मशीन लय महागाचं हाय, वितळंल."

स्वयंपाकघरात रेश्मा हसू दाबायला पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली होती. शेवटी तह झाला. इंग्रजीतला निरोप जसाच्या तसा न्यायचा, शब्दाचा फेर नाही. मराठीतला मात्र तानुबाईच्या मर्जीनं.

तानुबाईनं तो तह पाळला. तिच्यासाठी ते लय अवघड होतं. "सिट डाऊन!" असा हुकूम जसाच्या तसा सुनेच्या अंगावर टाकताना तिचा जीव वरखाली व्हायचा. टाकायची, आणि डोळ्यांनी म्हणायची, मनावर घेऊ नकोस. पण फेब्रुवारीपर्यंत तिचे कान असे तयार झाले, की अर्थ कळो न कळो, सूर ऐकून ती वाक्य कुठल्या भावाचं ते ओळखायची.

एवढा जीव ती का ओतत होती, ते फक्त तिला ठाऊक होतं.

एकवीस वर्षांपूर्वी रेश्माचं स्थळ बघायला ती स्वतः गेली होती. पोरगी एकोणीस वर्षांची, उजळणीत हुशार, नजर खाली पण चाल ताठ. लग्न ठरलं. तारीख निघाली मार्चातली, कारण लालासाहेबाला रजा तेव्हाच मिळाली होती. पोरीचा बाप हात जोडून म्हणाला होता, "विहीणबाई, त्याच दिशी तिचा इंग्रजीचा पेपर हाय. एवढाच विषय राहिलाय. चार दिस पुढं सरकवा."

तेव्हा तानुबाई म्हणाली होती, "थोरल्याची रजा सरकत न्हाई. आन इंग्रजी काय चुलीत घालायचीया?"

बैठकीत सगळे हसले होते. दाराआडून पोरगी ऐकत होती, हे तानुबाईनं पाहिलं होतं. तिच्या हातात वही होती. पुढं एकवीस वर्षांत रेश्मानं त्या गोष्टीचा एक शब्द काढला नाही, आणि न काढलेला तो शब्द तानुबाईला रोज टोचत राहिला. दुनियेचे निरोप ती सफाईनं पोचवायची, पण स्वतःचा हा एक निरोप तिच्याच्यानं आजवर पोचला नव्हता.

तोंडी परीक्षा फेब्रुवारीत, तालुक्याच्या एका हायस्कुलात. एकटीनं जायची रेश्माची तयारी नव्हती. नानासो ऊस घेऊन कारखान्याच्या रांगेत अडकलेला. लालासाहेब गेला असता, पण मग एसटीत जाताना-येताना दोघं बोलणार कुणाच्या मार्फत? म्हणून तानुबाईच निघाली, नवं लुगडं नेसून, काठी घेऊन.

परीक्षक वयस्कर होते. जाड चष्मा, पांढऱ्या मिशा, थेट लालासाहेबाच्या वळणाचे. शिपायाच्या हातापाया पडून तानुबाईनं दाराशी बाकावर जागा मिळवली. म्हणजे इथंही ती मध्येच बसली.

"ओन्ली इंग्लिश," परीक्षक म्हणाले. "नो मराठी. व्हॉट इज युवर नेम?"

रेश्माचा हात आपोआप पदराकडं गेला. तिनं मान खाली घातली आणि तिरक्या नजरेनं दाराकडं पाहिलं.

आणि तानुबाईनं, देवाशपथ सांगतो, वाईट हेतूनं नाही, निव्वळ एकवीस वर्षांच्या सवयीनं, निरोप पुढं ढकलला. "रेश्मा, साहेब इचारत्यात. व्हॉट इज युवर नेम?"

"आत्या," रेश्मा पुटपुटली, "साहेबास्नी म्हणावं, माय नेम इज रेश्मा."

तानुबाई परीक्षकांकडं वळली आणि लालासाहेबाला ऐकू जावं अशा आवाजात गरजली, "साहेब! माय नेम इज रेश्मा!"

परीक्षकांचा चष्मा नाकावर घसरला. "आजी, परीक्षा कुणाची आहे?"

"हिची."

"मग तुम्ही कोण?"

"मी मधली," तानुबाई म्हणाली.

परीक्षकांनी 'मधली'ला बाहेर काढलं. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. दार लागलं. तानुबाई व्हरांड्यातल्या खिडकीखाली उभी राहिली आणि तिनं कान लावला. आत परीक्षकांनी काहीतरी विचारलं. सूर वर गेला, म्हणजे विचारणारा भाऊ. रेश्माचं उत्तर नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा शांत. मधूनच पदर सारखा केल्याचा बांगड्यांचा आवाज. रेश्मा खिडकीकडं बघत होती, निरोप्याची वाट बघत.

मेली मी पुन्हा आडवी आले, तानुबाईच्या मनात आलं. त्या वर्षी तारीख होऊन आडवी आले, आज आवाज होऊन आडवी आले. मी इथं आहे तोवर ही पोरगी तोंड उघडायची नाही.

तिनं काठी उचलली आणि ती निघाली. व्हरांडा उतरली, मैदान ओलांडलं, फाटकाकडं चालू लागली. मागं वळून पाहिलं नाही. फाटकाच्या पलीकडं हायवे, भरधाव ट्रक, ट्रॅक्टर, गाड्या. एकटीनं रस्ता ओलांडायची तिला गेल्या दहा वर्षांत गरज पडली नव्हती.

आतून खिडकीतून रेश्माला दिसलं. आधी तिला वाटलं, आत्या पाणी प्यायला चालल्या. मग नळ मागं पडला. मग फाटक जवळ आलं.

आणि रेश्मा ताडकन उठली. पदर खांद्यावर घसरला, त्याची शुद्ध नाही. परीक्षकांच्या डोळ्यांत डोळे घालून ती ओरडली, "सर! माय मदर-इन-लॉ इज गोइंग! व्हेअर इज शी गोइंग? शी इज ओल्ड, सर! शी डज नॉट नो द रोड! स्टॉप हर! प्लीज गो अँड स्टॉप हर! ओ गॉड, व्हॉट अ वूमन!"

परीक्षक हुकूम मिळाल्यासारखे उठले आणि खरंच खिडकीशी धावले. "शिपाई! थांबवा त्या आजींना!" त्यांनी मराठीत हाक मारली. नियम त्यांचा, मोडला त्यांनीच.

तानुबाईला फाटकातून धरून आणलं. परीक्षक चष्मा पुसत हसत होते, मिशा हलत होत्या. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "जा बाई. घेऊन जा तुमच्या सासूबाईंना. हात सोडू नका."

एसटीत बसल्यावर रेश्मानं आधी सासूला चांगलंच झाडलं. "आवं, जायचं तरी कुठं हुतं तुमास्नी?"

"फाटकापातूर. म्होरचं ठरलं नव्हतं."

"जीव गेला असता माझा!"

"काय काय बोललीस ते तरी सांग," तानुबाई म्हणाली. रेश्मानं सांगितलं. तानुबाईनं बोटं मोजली. "सांगितलंस, इचारलंस, हुकूम सोडलास, आन शेवटी आबाबाबा बी केलंस. आगं, चारी भाऊ पंगतीला बसवलेस की!" आणि दोघी अशा हसल्या, की कंडक्टर तिकीट मागायला येऊन तसाच उभा राहिला.

घरी लालासाहेब येरझाऱ्या घालत होता. दोघी जाळीच्या आत येताच घाईत तो आईला विसरला आणि सरळ रेश्माला म्हणाला, "हाऊ वॉज इट?"

"गुड, सर," रेश्मा म्हणून गेली.

ओसरीत असं सामसूम झालं, की कानाचं मशीन शिट्टी मारत असल्याचं कळलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा दोघं थेट बोलले होते. रेश्मानं जीभ चावली, लालासाहेब भिंतीकडं बघायला लागला. मग दोघांनी तानुबाईकडं पाहिलं. घरातली रीतभात सांगणारी तीच.

तानुबाईनं क्षणभर विचार केला. "इंग्रजीत बोललेलं धरत न्हाईत," तिनं निकाल दिला.

मग काय, बांध फुटला. मार्चातला लेखी पेपर होईपर्यंत आणि झाल्यावरही दोघांचं इंग्रजीत चालू झालं. टी, सर? थँक यू. मिल्क इज फिनिश्ड, सर. मराठीत अक्षर नाही, पदर जागेवर, पण इंग्रजीत धबाधबा. तानुबाई मध्ये पोत्यावर बसलेली, आणि वाक्यं तिच्या डोक्यावरून इकडून तिकडं. सूर तिला ओळखू यायचे, पण त्यातला मजकूर कळायचा नाही. विचारावं तर तिच्यासाठी थांबणार कोण?

तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? ज्या दिवशी पोरगी बोलती झाली त्या दिवशी तिनं गावदेवीला नारळ फोडला होता. आणि आता संध्याकाळच्या वेळी पोतं झटकताना तिच्या मनात यायचं, की हे उद्यापासून घालावं तरी कशाला?

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला. दुपारी एकची वेळ. लालासाहेब ओसरीत मशीन घालून बसलेला, वर्तमानपत्र उलटं धरून. तानुबाई पोत्यावर. रेश्मा वाचनालयातून मोबाइल हातात धरून आली, जाळीचं दार लोटून ओसरीत उभी राहिली. समोर चार हातांवर लालासाहेब. "सर" म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यानं तोंड उघडलंही होतं.

रेश्मानं पदर डोक्यावर घेतला, त्याला वळसा घातला आणि तानुबाईपुढं येऊन गुडघे टेकून बसली.

"आत्या," ती म्हणाली, "दादास्नी म्हणावं, पास झाले. सेहेचाळीस पडले."

तानुबाईनं तिच्याकडं पाहिलं. चार हातांवरचा माणूस, कानात मशीन, सगळं ऐकलेलं. तरी निरोप तिच्याकडं आला होता.

"लाला!" ती गरजली, पण आवाज फाटला. "रेश्मा पास झाली रं! सेहेचाळीस!"

"तिला म्हणावं," लालासाहेब वर्तमानपत्राआडून बोलला, आणि त्याचाही आवाज काही धड नव्हता, "शाब्बास."

हा निरोप पोचवायला तानुबाई रेश्माकडं वळली, पण तो राहिला बाजूला. तिनं रेश्माचा हात धरला. "थांब. आदी एक दुसरा निरोप हाय. लय जुना हाय."

"कुणाचा?"

"हाय एका म्हातारीचा. ती म्हणतीया, त्या साली तारीख मी धरली. तुझ्या बापानं हात जोडलं तरी सरकवली न्हाई. वर चुलीत घालायचीया का म्हणाले. ती म्हणतीया, चुकलं माझं. रोज चुकलं वाटतंय म्हणतीया. सांगाय तोंड नव्हतं, म्हणून माझ्या हाती धाडलंय."

खुर्चीत लालासाहेबानं कानातलं मशीन काढून खिशात घातलं आणि तो रस्त्याकडं बघत बसला.

रेश्माचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. "त्या म्हातारीला माझा उलटा निरोप द्या," ती म्हणाली. "म्हणावं, मला राग आला हुता. लय आला हुता. पहिलं वरीसभर तर तुमच्या ताटाकडं बघून बी यायचा. पण मला कान हायती. दादा ओसरीतनं काय म्हणायचे ते मला आत सगळं ऐकू यायचं, आन तुमी काय सांगायचा ते बी. दोन्ही ऐकायची मी, आन तुमचं धरायची. त्यातच राग कवा गेला, कळलं न्हाई."

एकवीस वर्षं आपण आमटीतलं मीठ लपवतोय असं तानुबाईला वाटत होतं, आणि पोरगी शेजारी बसून सगळं चाखत होती.

"आजून एक," रेश्मा म्हणाली. तिनं कमरेची किल्ली काढली आणि तानुबाईच्या मुठीत ठेवली. "त्या म्हातारीला म्हणावं, उद्या सकाळी आठला वाचनालयात हजर. कुलूप तिनं उघडायचं. उशीर चालणार न्हाई."

हा चक्क हुकूम होता. तानुबाईच्या तोंडात सवयीनं शब्द तयारही झाले होते, जमंल का, येळ हाय का, गुडघा दुखंल का. तिनं ते गिळले. किल्ली घट्ट धरली, मान ताठ केली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःलाच तो निरोप दिला, जसाच्या तसा, एका शब्दाचा फेर न करता: "तानुबाई! उद्या सकाळी आठला हजर! कुलूप तू उघडायचंस! उशीर चालणार न्हाई!"

मग रेश्माकडं वळून, "व्हय म्हणतीया," असं उत्तरही तिनंच आणून दिलं.